गृहभेट दुपारी दोनला होत नसते

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या शहर पुरवणीत एक बातमी होती : 'तीन लेकरांना कोंडून आई पसार'. दाराला बाहेरून कडी, आत तीन मुलं, त्यातली मोठी नऊ वर्षांची. शेजाऱ्यांनी १०९८ला, मुलांच्या मदतीच्या नंबरावर, फोन केला, मुलांना बाहेर काढलं गेलं, चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे नेलं. इथवर सगळं रीतसर झालं आणि तिथंच बातमी संपली. सोबत फोटो होता. मुलांच्या डोळ्यांवर काळ्या पट्ट्या होत्या. पण खालच्या मजकुरात गल्लीचं नाव होतं, मोठीच्या शाळेचं नाव होतं, आणि आई विड्या कुठं जमा करते तेही होतं. ती पट्टी मग कुणापासून लपवायला? पुण्या-मुंबईचा वाचक तसाही या मुलांना ओळखत नाही. जी गल्ली ओळखते तिला पट्टीची अडचण नाही.

पत्राचं कारण हे नाही, पण आधी सांगून टाकते. बाल न्याय अधिनियम, २०१५ याच्या कलम ७४ नुसार अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील छापता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आपल्या वार्ताहराला धाक घालायला हे लिहीत नाही. ती मोठी मुलगी सोमवारी शाळेत गेली असेल तेव्हा वर्गात काय झालं असेल, एवढं त्यानं मनाशी आणून बघावं.

आणि 'पसार' हा शब्द. हा आपण चोरासाठी ठेवलेला शब्द आहे. बाई कामावर गेली, दवाखान्यात गेली, जीव द्यायला गेली की खरंच मुलं टाकून गेली, हे बातमीत कुठंच नाही. मलाही माहीत नाही. पण बाहेरून कडी आणि आत मुलं, हे दार मी एकदा स्वतः बघितलंय, आणि त्याबद्दल जवळपास आपल्या मथळ्यासारखंच वाक्य माझ्या हातानं लिहिलंय. म्हणून हे पत्र.

मी १९८७ साली इथं सोलापुरातच एम.एस.डब्ल्यू.ला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाला, प्रवेश घेतला. माहेर बार्शी तालुक्यातलं, घरी शेती, शहर माहीत नव्हतं. आमच्या अभ्यासात आठवड्यातले दोन दिवस फिल्डवर्क असायचं. मला एजन्सी, म्हणजे काम शिकायची संस्था, मिळाली ती रिमांड होम. सगळे त्याला रिमांड होमच म्हणायचे, पाटीवर काहीही असो. १९४८चा मुंबई बाल अधिनियम जाऊन केंद्राचा १९८६चा कायदा नुकताच, ऑक्टोबर १९८७पासून, लागू झाला होता. त्या कायद्यात अशा मुलांना शब्द होता 'उपेक्षित बालक'. फाइलीच्या कपाळावरच तो लिहिलेला असायचा. मूल उपेक्षित म्हटलं की उपेक्षा करणारा कोणीतरी आलाच, आणि तो कोण हे कुणाला विचारावं लागत नसे. पुढे २००० साली नवा कायदा आला आणि शब्द बदलला, 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले बालक'. लांबलचक आहे, बोलताना जीभ अडखळते. पण या लांबीतच शहाणपण आहे : गरज कसली ते सांगतो, दोष कुणाचा ते नाही. आम्ही तेव्हा उपेक्षितवाले होतो.

जानेवारीत सिद्धेश्वरची यात्रा भरली. होम मैदानावर गड्डा, म्हणजे यात्रेचा बाजार, लागला की हरवलेली पोरं रिमांड होममध्ये यायचीच. बहुतेकांचे आईबाप रात्रीपर्यंत रडत-ओरडत हजर होत. त्या वर्षी एक सहा वर्षांचा मुलगा मात्र तीन दिवस राहिला. पत्ता विचारला की 'नळाच्या बाजूला' म्हणायचा. मराठी अर्धंमुर्धं, घरी तेलुगू. शहराच्या पूर्व भागातलं पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांचं, घर असणार एवढं कळत होतं, पण पूर्व भागात नळ काय एक होता? चौथ्या दिवशी आई आली. बाल कल्याण मंडळापुढे तिला समज दिली गेली : मुलांवर लक्ष ठेवा, परत असं झालं तर मूल परत मिळणार नाही. तिनं अंगठा दिला आणि पोराला घेऊन गेली. महिन्याभरानं घरी जाऊन बघून ये, असं मला सांगितलं गेलं. ही माझी पहिली गृहभेट.

मी दुपारी दोनला गेले. दोनच का? सकाळी कॉलेज, मग डबा, मग रिकामा वेळ. माझ्या सोयीनं. दाराला बाहेरून कडी. आतून लहान मूल रडल्याचा आवाज. फटीतून बघितलं तर आतून कोणीतरी माझ्याकडे बघत होतं. मी पायरीवर बसले, घड्याळ बघत, आणि वहीत लिहिलं : 'मुलांना घरात कोंडून आई बाहेर.' समोरच्या ओट्यावर दहा फुटांवर एक म्हातारी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती, मधूनमधून माझ्याकडे बघत होती. तिला मी काही विचारलं नाही. का विचारलं नाही, याचं उत्तर अजून सापडत नाही. बहुधा ती माझ्या केसमध्ये नव्हती म्हणून.

साडेतीनला आई आली. डोक्यावर पानांचं गाठोडं. कडी काढली, आत बोलावलं, पाणी दिलं. दहा बाय दहाची खोली. कोपऱ्यात ओल्या गोणपाटात गुंडाळलेली पानं, तंबाखूचा वास इतका की मला पाच मिनिटांत शिंका सुरू झाल्या. तीन वर्षांचं पोर त्याच वासात झोपलेलं. दहा वर्षांची मुलगी आईच्या शेजारी बसून वळलेल्या विड्यांची तोंडं दुमडत होती, न बघता, बोटांनी. बाई बोलायला बसली तरी हात थांबला नाही. पत्र्याच्या मापावर पान ठेवायचं, कात्री फिरवायची, तंबाखूची चिमूट, वळायचं, दोरा. मी प्रश्न विचारत गेले. तिला मराठी समजत होतं तेवढंच, बोलता येत नव्हतं. मग मुलगी दुभाषी झाली. चुणचुणीत होती, म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत पाचवीत. मला फार बरं वाटलं, काम सोपं झालं म्हणून.

शेवटी मी विचारलं, 'मुलांबद्दल आणखी काही सांगायचंय का?' आई बोलायला लागली. बराच वेळ बोलली. एकदाच हात थांबला तो तेव्हा. मग मुलीनं माझ्याकडे बघून सांगितलं, 'काही नाही म्हणते.'

आणि मी अहवालात लिहिलं : 'मुलांच्या भविष्याबाबत आई उदासीन आहे.'

आता इथं आमच्या शिक्षणातली एक गोष्ट सांगते. बाहेरच्यांना ती कंटाळवाणी वाटते, विद्यार्थ्यांना तर शत्रू वाटते. तिचं नाव रेकॉर्डिंग. फिल्डवर्कहून आलं की जे झालं ते सगळं लिहून काढायचं. निष्कर्ष नंतर, आधी कोण काय बोललं, कसं बसलं होतं, कधी गप्प झालं. दहा-बारा पानं हातानं. सोमवारी ते सुपरवायझरकडे जायचं आणि बुधवारी आयसी, म्हणजे एकट्या विद्यार्थ्याला समोर बसवून त्या पानांवर चर्चा. आमचे सर जुने होते, कडक. माझी वही उघडून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

'अगं, इथं तू लिहिलंयस, आई चार-पाच मिनिटं बोलली, काम थांबवून बोलली. आणि पुढच्या ओळीत, काही नाही म्हणते. तेलुगू इतकी लांब भाषा आहे काय?'

मी गप्प.

'कडी कुणी लावली म्हणालीस?'

'आईनं.'

'का?'

माहीत नव्हतं.

'दोनला विड्या जमा करायची वेळ असते त्यांची. हे मला माहीत आहे, तुला माहीत नव्हतं, ठीक. पण तू दीड तास पायरीवर बसून कुणाला विचारलं पण नाहीस?' आणि मग म्हणाले, 'परत जा. नळ येतो त्या पहाटे जा. भांडी घेऊन रांगेत उभी राहा. आणि ती पोरगी नको मधे. तिच्याकडून तिच्याच घराचं बोलणं वदवून घेतलंस तू.'

त्या वेळी राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण गेले. फेब्रुवारीची थंडी, पहाटेचे चार, घागरींची रांग. बायका हसल्या, मग बोलल्या. ती समोरची म्हातारी तिथंच होती. मराठी चांगलं बोलायची, तरुणपणी गिरणीत काम केलेली. तिला मधे घेऊन मी त्या आईशी पुन्हा बोलले, नळावर थोडं, मग घरी चुलीपाशी. तेव्हा ती चार मिनिटं मला मिळाली.

नवरा यंत्रमागावर होता. दिवाळीपासून खोकल्यातून रक्त पडत होतं म्हणून त्याच्या आईकडे सिरसिल्ल्याला जाऊन पडला होता. पैसे येणं बंद. गड्ड्यात पोरगा हरवला तेव्हा ती पहिल्याच रात्री पोलीस चौकीत गेली होती, पण दुसऱ्याच हद्दीच्या. दोन दिवस तिथंच फेऱ्या मारत राहिली, मधे विड्या द्यायलाही जात राहिली, कारण विड्या दिल्या नाहीत तर दुसऱ्या दिवसाची पानं मिळत नाहीत. मग पोरगा परत मिळाला आणि साहेबांनी सांगितलं, मुलांवर लक्ष ठेवा, परत मिळणार नाही. म्हणून ती कडी लावून जायला लागली. पोर बाहेर गेलंच नाही तर हरवणार कसं? समोरची म्हातारी दर थोड्या वेळानं उठून फटीतून बघायची, काही झालं तर कडी काढायची, असं दोघींचं ठरलेलं.

म्हणजे जी कडी मी तिच्या विरोधात लिहिली, ती आम्हीच लावायला लावली होती.

आणि शेवटचं, मुलीनं गाळलेलं वाक्य. आईनं मला विचारलं होतं, दोन्ही पोरांना जूनपर्यंत कुठं बोर्डिंगात ठेवून घेता येईल का. मुलीला भाऊ जायला नको होते. म्हणून, काही नाही म्हणते.

दहा वर्षांच्या मुलीनं आईचं बोलणं गाळलं, कारण त्या बोलण्यात तिचं स्वतःचं घर पणाला लागलं होतं. तिला दुभाषी करणाऱ्या माझी ती चूक. आज मी विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी हे सांगते : घरातल्या मुलाला दुभाषी करू नका. भाषा येत नसेल तर शेजारीण शोधा, अंगणवाडीच्या ताई शोधा, नाहीच कोणी तर परत या. आणि किमान 'जेवलात का' एवढं तरी त्यांच्या भाषेत विचारायला शिका. 'तिन्नारा?' या एका शब्दावर पूर्व भागातली किती दारं उघडतात ते मी पुढे पस्तीसेक वर्षं बघितलं.

गोष्ट गोड संपली असं समजू नये. सरांनी सिव्हिलमध्ये कुणाकुणाला भेटून नवऱ्याला परत आणवलं, औषध सुरू झालं. धाकट्याला बालवाडीत घेतलं, कडी निघाली. पोरं बोर्डिंगात गेली नाहीत. पण मुलीची शाळा सहावीनंतर सुटली आणि ती आम्हाला थांबवता आली नाही. विडीला तिची बोटं लागत होती.

आपल्याकडे समाजकार्याचं रीतसर शिक्षण १९३६ साली मुंबईत सुरू झालं तेही नागपाड्याच्या वस्तीत चालणाऱ्या केंद्रातूनच. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. म्हणजे वर्ग आधीपासून वस्तीच्या उंबऱ्यावरच भरत होता. आता काय चाललंय ते मी शेवटच्या नोकरीत बघितलं, विद्यार्थ्यांच्या फिल्डवर्कवर देखरेख करताना. मोबाइलवर फोटो, त्यावर ठिकाण आणि वेळ आपोआप उमटलेली, म्हणजे भेट झाली. रेकॉर्डिंग दीड पानाचं, टाइप केलेलं. एका मुलानं तीन वेगवेगळ्या कुटुंबांच्या अहवालात एकच परिच्छेद चिकटवला होता. तिसऱ्यात तर गावाचं नावही पहिल्याचंच राहिलं होतं. त्याला मी रागावले नाही. एका सुपरवायझरकडे तेवीस विद्यार्थी असतील तर आयसी कधी होणार? कोण बोट ठेवून विचारणार की इथं चार मिनिटं कुठं गेली? मुलाचा दोष अर्धाच. बाकीचा आम्हा मोठ्यांचा.

कायदा तर हल्ली फार चांगला आहे, हे मनापासून म्हणते. २०१५च्या कायद्यात सुरुवातीलाच सोळा तत्त्वं आहेत. मुलाचं संगोपन ही आधी कुटुंबाची जबाबदारी, संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय, मुलाबद्दल कलंक लागेल अशी भाषा नको. आपल्या मथळ्यानं हे शेवटचं आधीच मोडलंय. समितीपुढे मूल आलं की सामाजिक चौकशीचा अहवाल पंधरा दिवसांत द्यायचा, आणि समितीनं सगळी चौकशी चार महिन्यांत संपवायची. त्या अहवालाचा नमुना ठरलेला आहे, नमुना २२. रकाने भरपूर. घरातल्यांची नावं, शिक्षण, कमाई, आईवडिलांचे आपसातले संबंध, सवयी, शेजार. रकाना वाईट नसतो, पण रकान्यात 'समाधानकारक' लिहिता येतं ना, तिथं घोटाळा होतो. आईवडिलांचे संबंध : समाधानकारक. कुणाचं समाधान झालं म्हणे?

मी विद्यार्थ्यांना रकान्याआधी कुटुंबवृक्ष काढायला लावत असे. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, ज्या मुलाची केस त्याला दुहेरी रेघ, भांडण असेल तिथं नागमोडी रेघ. पुस्तकात हे कागदावर शिकवतात. मी खडू घेऊन फरशीवर काढायचे आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या हातात खडू द्यायचे. 'हा कोण?' 'हा मेला.' 'ही कुठं असते?' असं करता करता भिवंडीची मावशी निघते, तेलंगणातला काका निघतो. प्रश्नावलीत 'अन्य नातेवाईक : नाहीत' असं लिहून झालेलं असतं त्याच घरात. नाहीत म्हणजे आज येत नाहीत. का येत नाहीत ते नागमोडी रेघेत असतं.

पण नातेवाईक निघाला की मूल सुरक्षित, हाही एक आळसच. एका मुलाला मी असाच भिवंडीच्या काकांकडे दिला. काका सरळ, काकू प्रेमळ, कागद पुरे. सहा महिन्यांनी बघायला जायचं होतं, मी गेले नाही, फोनवर विचारलं. मुलगा बरा आहे म्हणाले. बरा होता. यंत्रमागावर कांड्या भरत होता, शाळेत नाव नव्हतं.

आणि याहून मोठी एक चूक आहे. तिचे तपशील देणार नाही. 'घर मोडू नये' हे मी इतकं शिकले होते की एका घरात मुलगी गप्प होत चालली होती तरी मी आजीच्या शब्दावर थांबले. महिनाभर थांबले. एवढंच सांगते की तो महिना त्या मुलीला परत देता येत नाही. २०१२ला पोक्सो, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, आला. त्यात लैंगिक अत्याचाराचं कळलं किंवा नुसता संशय आला तरी कळवणं बंधनकारक आहे, थांबायची मुभाच नाही. कायदा कडक झाला म्हणून नाकं मुरडणारे कार्यकर्ते मला भेटतात. मला तो आधी हवा होता.

तर कुटुंब टिकवायचं म्हणजे कुटुंबाची आरती करायची नव्हे. परीक्षेला आम्ही व्यक्ती सहाय्य कार्याची, म्हणजे एकेका माणसाला मदत करायच्या कामाची, सात तत्त्वं पाठ केली होती : माणूस आहे तसा स्वीकारा, न्यायाधीश होऊ नका, गुप्तता राखा वगैरे. घरात गेल्यावर ही तत्त्वं एकमेकांशी भांडतात हे मात्र कुणी पाठ करून घेतलं नाही. आईचा निर्णय आईला घेऊ द्यायचा, पण मूल मार खात असेल तर? गुप्तता ठेवायची, पण मुलीनं सांगितलेलं समितीला सांगायचं की नाही? याचं उत्तर पुस्तकात नसतं. बुधवारच्या आयसीत असतं, तेही अर्धं.

आता पैशाचं. कडी लावून जाणाऱ्या बाईला कुणी संस्कारांवर व्याख्यान द्यायची गरज नसते, तिला दोन तास मूल सांभाळणारं कोणी हवं असतं आणि महिन्याला थोडा आधार. आपल्या राज्याची बाल संगोपन योजना आहे. एक पालक गेलेल्या, आजारी असलेल्या, संकटातल्या घरांना मुलामागे दरमहा मदत. मी कामात होते तेव्हा ती ४२५ रुपये होती, मग ११०० झाली, आता २२५० आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्व म्हणून मुलामागे दरमहा ४००० मिळू शकतात. त्याला कुटुंबाच्या उत्पन्नाची अट आहे, ग्रामीण भागात वर्षाला ७२ हजार, इतरत्र ९६ हजार. हे आकडे मुद्दाम लिहिते, कारण शेजारपाजारच्या लोकांना १०९८ माहीत झालाय, ही योजना माहीत नाही. मूल काढून नेण्याचा नंबर पाठ आणि मूल घरात ठेवण्याचा अर्ज कुठं करायचा ते ठाऊक नाही. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षात करायचा. सोबत रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, बँकखातं, वडील वारले असतील तर मृत्यूचा दाखला. विडी वळणारी बाई हे गोळा करायला चार दिवस मोडते, म्हणजे चार दिवसांच्या विड्या. आणि सगळं जमल्यावर पैसे वेळेवर येतीलच असं नाही. माझ्या माहितीतल्या घरांना आठ-आठ महिन्यांचे एकदम आले आहेत. दुकानदार आठ महिने थांबतो का?

आपल्या बातमीतल्या तीन मुलांकडे परत येते. या क्षणी त्यांची फाइल कुणाच्या तरी टेबलावर आहे. पंधरा दिवसांतले सात-आठ गेले. चौकशीला जाणारी बहुधा चोवीस-पंचवीस वर्षांची, कंत्राटावर असलेली, नुकती एम.एस.डब्ल्यू. झालेली मुलगी असेल. तिच्या डोक्यात आपला मथळा आधीच बसलेला असणार. ती आपला पेपर वाचत नसेलही, पण तिचे वडील वाचत असतील. त्यांनी हे एवढं कात्रण तिला दाखवावं.

बाई गं, त्या भागात नळ अजूनही चार-पाच दिवसांनी येतो, आणि येतो तेव्हा बहुतेक पहाटे. कुठल्या दिवशी ते समोरच्या कुठल्याही ओट्यावर विचार. गाडी गल्लीच्या तोंडाशी लाव, ओळखपत्र पर्समध्ये ठेव. एखादी रिकामी घागर घेतलीस तर कुणी हसेल, हसू दे. आई आली असेल तर तिच्याशी बोल, नसेल तर ती कुणाला सांगून गेली होती ते रांगेत कळेल. नऊ वर्षांच्या मुलीला मधे बसवू नकोस. आणि कडी कुणी, कधीपासून, कुणाच्या सांगण्यावरून लावली, ते आधी विचार.

आपली,
एक निवृत्त समाजकार्यकर्ती, सोलापूर

(ता.क. नाव छापू नये ही विनंती. माझ्या नावावरून वरची घरं ओळखता येतील, आणि त्यातली काही अजून तिथंच राहतात.)